भिंतीच्या कडेकडेने

मी एक म्हातारा, काळा उंदीर आहे. मित्रांनो, उंदीर म्हटल्यावर तुमच्या मनात जे काही धावत जाते ते घटकाभर बाजूला ठेवा. मी कधी कोणाच्या घरात शिरलो नाही, कोणाचे लुगडे कुरतडले नाही, मांजर कसे दिसते तेही मला ठाऊक नाही. माझा सारा जन्म दौंड तालुक्यात, कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीच्या बिनखिडकीच्या खोलीत गेला. आता माझ्या मिशा पांढऱ्या झाल्या आहेत, मागचे पाय ओढत चालतात, आणि मी जागा कधी असतो नि स्वप्नात कधी, हे माझे मलाच नीट उमगत नाही. ऐकता ऐकता तुमचेही डोळे जड झाले, तर होऊ द्या.

माझे पणजोबा विमानातून आले. समुद्रापलीकडच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत आमच्या घराण्याची घडण बदलली होती. ती कशी, ते सांगतो. प्रत्येक जिवाच्या शरीरात, तो कसा घडायचा याची एक बारीक शिवण असते. तिला जनुके म्हणतात. गोधडीवर हजारो टाके असतात ना, तशी. तिथल्या शास्त्रज्ञांनी आमच्या घराण्याच्या गोधडीतला एकच टाका अलगद उसवला. बाकी सारे जिथल्या तिथे राहिले. नाक, कान, शेपूट, भूक, झोप, सगळे इतर उंदरांसारखेच. फक्त मेंदूतल्या एका दाराला कडी बसायची राहून गेली.

त्या कडीला रिसेप्टर म्हणतात. मेंदूत सिरोटोनिन नावाचे एक रसायन फिरत असते. ते दारोदारी निरोप देत जाते, की सगळे ठीक आहे, भिऊ नका, बाहेर या. इतरांच्या मेंदूत ते कडी वाजवते आणि आतून कोणीतरी दार उघडते. माझ्या मेंदूतही तो निरोप्या येतो. पण एका दाराशी तो नुसताच उभा राहतो, चाचपडतो आणि निघून जातो. म्हणून मी जन्माचा भित्रा.

असे मुद्दाम का केले, असे तुम्ही विचाराल. जगात पुष्कळ माणसे अशी असतात की ज्यांना काही कारण नसताना भीती घेरते. ती कुठून येते आणि कशाने जाते, हे शोधायचे होते. माणसाच्या मेंदूतला टाका कोणी उसवू शकत नाही. म्हणून आमचा उसवला.

आमच्या खोलीत काळ उलटा चाले. उंदीर रात्री जागतो आणि माणसे दिवसा कामावर येतात. म्हणून बाहेर दिवस उजाडला की आमच्याकडे फक्त मंद लाल दिवा लावत. तो लाल रंग आमच्या डोळ्यांना कळतच नाही. आम्हाला वाटे, अंधार पडला, आणि आम्ही उठून खेळू लागत असू. बाहेर सोलापूर रस्त्यावरून ट्रक धावत, कारखान्यांचे भोंगे होत, पहिली पाळी सुटून दुसरी आत शिरे, आणि आम्ही भर दुपारी आपली रात्र जगत असू. त्या अंधारात माणसे मला सावल्यांसारखीच दिसत. त्यांचे वास मात्र स्पष्ट तरंगत येत आणि तरंगत जात.

त्यातला एक वास मायाचा होता. शिकेकाईचा, एसटीच्या डिझेलचा आणि डब्यातल्या लसणाच्या चटणीचा.

माया इनामगावची. शिरूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकून ती आमच्या खोलीवर कामाला लागली होती. दौंडला तिने एक खोली भाड्याने घेतली होती, आणि शनिवारी दुपारी काम आटोपले की ती एसटीने गावी जाई. आमचे पिंजरे धुणे, भुसा बदलणे, पाण्याच्या बाटल्या भरणे आणि प्रयोगाच्या वेळी हातमोजे घालून आम्हाला उचलून नेणे हे तिचे काम. मी जन्मलो तेव्हा शेंगदाण्याएवढा, गुलाबी होतो. अंगावर केस आले तेव्हा तिने मला तळहातावर घेऊन निरखले आणि ती हसली.

"बया! म्हशीवानी काळा हाय की हा. म्हस्कूच म्हनायचं ह्याला."

"माया, नाव ठेवू नकोस," शेजारच्या टेबलावरून आवाज आला. "नंतर जड जातं."

त्या नॅन्सी मॅडम. डॉक्टर नॅन्सी साळवे. आमच्या विभागाच्या त्या प्रमुख होत्या. शिरूरच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीत त्या वाढल्या, वडील मिशनच्या शाळेत मास्तर. मॅडम कधी मोठ्याने बोलत नसत, आणि आम्हाला उचलताना त्यांचा हात आधी क्षणभर थांबत असे, जणू परवानगी मागतो आहे.

"न्हाई ठेवत, मॅडम," माया म्हणाली. आणि पिंजरा फळीवर ठेवताना माझ्या कानाशी कुजबुजली, "म्हस्कू."

माझ्याच पिंजऱ्यात माझा भाऊ होता. एकाच आईची, एकाच वेळची पिल्ले आम्ही. पण त्याची शिवण पुरी होती, एकही टाका उसवलेला नव्हता. माया त्याला सरदार म्हणे, कारण तो चालायचाच तसा. प्रयोगात त्याला आणि मला एकामागून एक सोडत. एक मोठी चौकोनी पेटी असे, वरून उघडी. त्यात सोडले की सरदार थेट मध्यावर जाई, दोन पायांवर उभा राही, वास घेई, मिशा साफ करी. मी मात्र भिंतीला अंग घासत कडेकडेने फिरायचो. मधली मोकळी जागा मला जागा वाटतच नसे. मला ते एक भले मोठे उघडे तोंड वाटे.

दुसरा प्रयोग त्याहून कठीण. बेरजेच्या चिन्हासारखी एक उंच फळी होती. तिच्या दोन हातांना भिंती होत्या आणि दोन हात उघडे. सरदार उघड्या हातावर टोकापर्यंत जाऊन खाली वाकून बघे. मी भिंतींच्या आडोशाला बसून माझ्याच छातीचा आवाज ऐकत राही. टकटकटकटक. कोणीतरी आतून बाहेर पडू बघते आहे, असे वाटे.

भुसा बदलताना माया आमच्याशी बोलायची. लोक झाडांशी बोलतात, गुरांशी बोलतात, ती आमच्याशी बोलायची. तिच्या बोलण्यातून तिचे घर आमच्या खोलीत आले. तिचे वडील बन्सीआबा पाटबंधारे खात्यात नोकरीला होते, आता निवृत्त. इस्त्रीचा सदरा घालून रोज सकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचणारे. त्यांच्या घरात ना देव्हारा, ना अंगारा, भिंतीवर फक्त बाबासाहेब आणि बुद्ध. आणि आई आक्काबाई. ती पूर्वी भाजीची पाटी घेऊन घोडनदीच्या, म्हणजे शिरूरच्या, बाजाराला जायची, एसटीत कंडक्टरशी भांडून पाटी वर चढवायची. एकदा त्याच एसटीत तिच्या छातीत धडधडू लागले, घाम फुटला, आता मरते असे वाटले. ती मधेच उतरून रस्त्याच्या कडेला बसली. शिरूरच्या डॉक्टरांनी छातीची ईसीजीची पट्टी काढली. सगळे ठीक होते.

त्यानंतर ती एसटीत चढली नाही. मग बाजार सुटला. मग विहारात जाणे सुटले, मग शेजारच्या धुरपदाकाकूचे अंगणही. आता ती उंबऱ्याच्या आतच असायची.

"हार्ट चांगलं हाय म्हंत्यात डॉक्टर," माया भुसा झटकत म्हणायची. "मंग हिला झालंय तरी काय? सारखं आपलं, मला न्हाई जमायचं, मला न्हाई जमायचं. म्हस्कू, कवाकवा वाटतं, नाटकं करती माझी आई."

एका सोमवारी सकाळी ती बहुधा घरून भांडून आली होती. मला तिने फळीवर सोडले. मी आडोशाला जाऊन बसलो. ती पडद्याआड जायच्याऐवजी तिथेच उभी राहिली.

"जा की रे," ती म्हणाली. "काय खातंय का तुला तिथं? जा."

आणि तिने मागून मला बोटाने ढकलले.

मित्रांनो, त्या क्षणी मला काय झाले ते शब्दांत सांगता येत नाही. माझे पाय माझे राहिले नाहीत. मी उघड्या हातावर आलो, तिथेच गोठलो, अंगाखाली ओले झाले, आणि मी कडेवरून खाली गेलो. पडताना मला वाटले की मी खूप वेळ पडतोच आहे. खाली जाड फोम होता, म्हणून वाचलो.

नॅन्सी मॅडमनी मला उचलले. माझी छाती त्यांच्या बोटांना लागत असावी, कारण त्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

"ढकलून धाडस येत नाही, माया," त्या एवढेच म्हणाल्या.

पुढच्या सोमवारी माया आली ती वेगळीच. पाण्याच्या बाटल्या भरता भरता एकदम खाली बसली आणि पदराने तोंड झाकून रडू लागली. मॅडमनी स्टूल पुढे ओढले.

"आबांनी आईला ओढत नेलं स्टँडवर," माया म्हणाली. "सगळ्या गावादेखत. म्हनले, भूत न्हाई, भगत न्हाई, मंग भ्यायचं कारनच काय? माझ्या घरात भित्री मानसं न्हाई चालायची. एसटी आली. आईनं दांडा धरला आन् खालीच कोसळली मॅडम. लोक हसत हुते. तवापास्नं ती भिंतीकडं तोंड करून पडलीय. जेवत न्हाई. बोलत न्हाई. म्हनती, मला आता राहायचंच न्हाई."

मग तिने माझ्या पिंजऱ्याकडे बोट केले. "ह्याच्या डोस्क्यात जे न्हाई, ते माझ्या आईच्याबी डोस्क्यात नसंल का?"

"तसं सरळ सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "माणूस म्हणजे उंदीर नव्हे. पण भीती ही अंगात असते, कोणाच्या अंगात जास्त असते, आणि ती ठरवून आणलेली नसते, एवढं मला खात्रीनं माहीत आहे. आईला मनाच्या डॉक्टरांकडे ने."

"मनाचा डॉक्टर म्हंजी येड्याचा डॉक्टर. आबा उभं करायचे न्हाईत दारात. आन् आई घराबाहेरच पडत न्हाई, तर नेऊ कशी?"

मॅडमनी उरलेल्या बाटल्या तिच्यासोबत भरल्या.

त्याच सुमारास नवे औषध आले. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर तयार झालेले, अजून नावही न ठेवलेले. काचेच्या बाटलीत पाण्यासारखे पातळ. सरदारला आणि मला ते बारीक नळीने घशातून देऊ लागले.

आणि मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सर्वांत सुंदर काळ सुरू झाला. पहिल्यांदा छातीतली टकटक दूर गेली. कोणीतरी दुसऱ्या खोलीत काही कुटते आहे, एवढीच ती ऐकू येऊ लागली. मग भिंतीचा स्पर्श नसला तरी अंग पडत नाही, असे लक्षात आले. आणि एक दिवस मी फळीच्या उघड्या हातावर गेलो. टोकापर्यंत गेलो. खाली वाकून पाहिले. चारही बाजूंनी हवा होती. ती मला गिळत नव्हती. ती नुसती होती. जग किती मोठे आहे आणि त्याला माझ्याशी काही वैर नाही, असे मला वाटले. मी तिथे बसून मिशा साफ केल्या, सरदार करायचा तशाच.

पडद्यामागच्या टीव्हीवर ते पाहून मायाने टाळी वाजवली. "मॅडम! म्हस्कू वाघ झाला बघा!"

"घाई नको," मॅडम म्हणाल्या. "चांगला परिणाम लवकर दिसतो. वाईट परिणाम सावकाश येतो. अजून पुष्कळ बघायचंय."

मायाने ते ऐकले, पण तिच्या कानात शिरले नसावे. तिला फक्त मी दिसत होतो, उघड्यावर बसलेला.

शनिवारी दुपारी मॅडम वरच्या मजल्यावर गेल्या होत्या. मायाने औषधाचे कपाट उघडले. काचेचा किणकिण आवाज झाला, आणि मग तो तिच्या पिशवीत, कपड्यांच्या घडीत बुजून गेला. ती माझ्या पिंजऱ्यापाशी आली. तिचा श्वास भरभर चालला होता. तिच्या अंगाला भीतीचा वास येत होता, तो मी चांगला ओळखतो.

"थेंबभरच दीन," ती कुजबुजली. "चहातनं. कुनाला कळायचं न्हाई. तू बघ कसा झालास."

ती गेली. दार लागले.

आणि थोड्याच वेळात माझे स्वप्न फाटले. आधी जिभेवर धातूसारखी चव आली. मग खोली गोल फिरू लागली आणि माझे पाय आपोआप धावू लागले, मी कुशीवर पडलेलो असताना. शेजारी सरदार पडला होता. त्याची पाठ कमानीसारखी ताठ झाली होती. पिंजऱ्याची जाळी खडखडत होती, ती आम्हीच खडखडवत होतो. मग सरदारकडून होणारी खडखड थांबली.

माया डबा विसरली होती. तो न्यायला ती परत आली, आणि आवाज ऐकून आत धावली. तिने पिंजरा उघडला. सरदार गेला होता. तिने मला दोन्ही हातांत घेतले आणि छातीशी धरले. माझे अंग तिच्या हातांत उडत होते. मला तिचा आवाज दुरून ऐकू येत होता. "मॅडम! मॅडम! या की वो लवकर!"

मॅडमनी मला सुई टोचली. हळूहळू माझे पाय शांत झाले. मग मायाने पिशवीत हात घातला, ती बाटली काढली आणि टेबलावर ठेवली.

"ही मी नेत हुते," ती म्हणाली. "आईला द्यायला."

मॅडम खाली बसल्या. 

"आधी कधी नेलंयस घरी? खरं सांग मला."

"न्हाई. शप्पत. आजच." माया म्हणाली. "माझी एसटी सुटायची हुती मॅडम. मी डबा विसरले नसते तर आत्ता मी इनामगावच्या वाटेवर असते."

सरदार टेबलावर फडक्यात होता. माया त्याच्याकडे बघत होती, आणि फडक्याच्या जागी तिला काय दिसत होते ते मला कळत होते.

"माझी नोकरी जाईल?"

"ते सोमवारी बघू," मॅडम म्हणाल्या. "उद्या मी तुझ्या घरी येते."

पुढचे मी पाहिले नाही. पण मायाने ते मला इतक्यांदा सांगितले की आता ते माझ्याच आठवणीसारखे झाले आहे. मॅडम त्यांची जुनी मारुती घेऊन इनामगावला गेल्या. बन्सीआबांनी खुर्ची पुसून दिली, पण चेहरा कडक होता.

"मॅडम, आम्ही अंधश्रद्धा मानत न्हाई," ते म्हणाले. "भगताकडं न्यायला सांगनाऱ्याला मी दारातनं परत धाडलंय. पन भूतच न्हाई, तर ही भीती आली कुठनं?"

"आबा, तुम्हाला साखरेचा त्रास आहे म्हणाली माया. मन घट्ट केल्यावर साखर उतरते का?"

आबांनी हातातले वर्तमानपत्र घडी घालून खाली ठेवले.

मॅडम आत गेल्या आणि आक्काबाईच्या अंथरुणाशेजारी जमिनीवरच बसल्या. त्यांनी कशाचाच उपदेश केला नाही. त्यांनी माझी गोष्ट सांगितली. फळी, आडोसा, छातीची टकटक, मायाने ढकलले ते, आणि मी पडलो ते. आक्काबाई भिंतीकडे तोंड करूनच ऐकत होती. मग ती सावकाश वळली.

"त्या उंदराला कसं वाटत आसंल वो, बाई?"

"त्याला बोलता येत नाही ना," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला येतं. तुम्ही सांगा."

तेव्हा आक्काबाई पहिल्यांदा बोलली. "पायाखालची जमीन पान्यावानी वाहत जाती. छातीत कुनीतरी मुसळानं कांडतंय. आन् समद्यात वाईट म्हंजी, मला ठावं आसतं का बाहेर कायबी न्हाई. ठावं आसूनबी भ्या वाटतं. म्हून लाज वाटती. भ्याच्यापरीस लाजच लई वाटती."

दाराशी उभे असलेले आबा तिथेच, उंबऱ्यावर, मटकन बसले. "मला कधी बोलली न्हाईस," ते म्हणाले.

"तुमी कवा इचारलं?"

शिरूरला आठवड्यातून एकदा पुण्याहून मनाचे डॉक्टर येत. मॅडमनी त्यांना गाठले, आणि पहिल्या वेळी तेच वाट वाकडी करून घरी आले. त्यांनी औषध दिले. आमच्या कपाटातले नव्हे, पुष्कळ वर्षे वापरलेले, पारखलेले. आणि सांगितले, की रोज थोडे बाहेर जायचे, जमेल तेवढेच, आणि सोबत कोणीतरी असावे, ओढणारे नव्हे, नुसते असणारे.

ते काम आबांनी घेतले. आधी अंगण. मग पाण्याचा हापसा. मग विहार. शेवटी एसटी स्टँड. पुष्कळ दिवस ती दोघे स्टँडवर नुसती बसून परत येत. एसटी यायची, जायची, कंडक्टर आत्याबाई म्हणून हाक मारायचा. आबा वर्तमानपत्र वाचत बसायचे. "तू म्हनशील तवा चढू," ते म्हणायचे. "न्हाईतर ही बातमी ऐक." पूर्वी ज्या माणसाला सदऱ्याची घडी मोडलेली चालत नसे, तो आता धुळीत बायकोशेजारी तासन्‌तास बसे. लोक हसत. मग हसायचे कंटाळले.

इकडे माझ्या खोलीत त्या बिननावाच्या औषधाचे काम बंद झाले. कोणाही माणसाच्या पोटात ते गेले नाही. मायाला कंपनीच्या साहेबांनी लेखी समज दिली आणि कपाटाची किल्ली काढून घेतली. ते योग्यच होते, असे ती स्वतःच म्हणे. माझे झटके थांबले, पण मागचे पाय तेव्हापासून ओढतात. सरदारची जागा पिंजऱ्यात रिकामी राहिली. झोपेत मी अजून त्या बाजूला सरकतो, आणि भुसा थंड लागतो.

मग एक दिवस कळले की आमच्या घराण्याचे इथले काम संपले. कंपनीने तो विषयच सोडला. आम्हाला बाहेर रानात सोडता येत नाही. आमची उसवलेली शिवण रानातल्या उंदरांत मिसळू द्यायची नसते, तसा नियम आहे. तेव्हा आमचे काय होणार, हे मायाने मला सांगितले नाही. फळीवरचे पिंजरे एकेक करून कमी होत गेले, गेलेला परत आला नाही, त्यावरून मला समजले.

थंडीचे दिवस होते. त्या सकाळी दारापाशी एक नवा वास आला. धुराचा, मातीचा आणि धुवून वाळवलेल्या सुती लुगड्याचा. मॅडमनी माझा पिंजरा स्वतः उचलला आणि बाहेरच्या खोलीत टेबलावर ठेवला. खुर्चीवर एक बाई बसली होती.

"एसटीनंच आले," ती मॅडमना सांगत होती. "दौंडला बदलली. आबा गेटवर हायेत, वॉचमनसंगं पेपर वाचत्यात. लई कांडत हुतं छातीत, न्हाई म्हनत न्हाई. पन आले." मग ती वाकली. "एवढासाच हाय व्हय गं, माया! मला वाटलं, घुशीएवढा आसंल."

मी कोपऱ्यात दबून बसलो. आक्काबाईने पदराची गाठ सोडली. आत हुरडा होता, भाजून चोळलेले हिरवे दाणे.

"आई, बाहेरचं चालत न्हाई हितं," माया म्हणाली.

नॅन्सी मॅडम थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.

"द्या, आक्काबाई," त्या म्हणाल्या. "आता चालतंय."

मायाने तोंड फिरवले.

आक्काबाईने पिंजऱ्याचे झाकण सरकवले आणि तळहातावर एक दाणा ठेवून हात आत धरला. मी हललो नाही. तिने यु यु केले नाही, बोट पुढे केले नाही, ती काही बोललीही नाही. हात अवघडला तेव्हा तिने तो बदलला आणि पुन्हा तसाच धरला. माझी छाती नेहमीसारखी टकटकत होती. कोणते औषध माझ्या अंगात नव्हते. तरी मी निघालो. भुशातून, रिकाम्या मधल्या जागेतून, थांबत थांबत. तिचा तळहात खडबडीत आणि उबदार होता. आणि तो थोडा थरथरत होता. मला कळले, तीही भीत होती, आयुष्यात उंदराला कोण हात लावते? आम्ही दोघेही भीत होतो आणि दोघेही तिथेच होतो.

मी दाणा उचलला. मित्रांनो, आम्हाला रोज एकाच चवीच्या गोळ्या मिळतात. हुरड्याच्या त्या एका दाण्यात दूध होते, गोवऱ्यांचा धूर होता, आणि रात्रभर दवात भिजलेले एक अख्खे शेत होते. मी कधी न पाहिलेली नदी त्यात वाहत होती.

"आमच्या गावच्या पांढरीच्या टेकाडात खनलं तवा लई जुन्या, दानं साठवायच्या कनग्या घावल्या," आक्काबाई हळू आवाजात म्हणत होती. "हजारो वर्सांच्या. तवाबी तुमी असनारच रं. मानसाच्या दान्यावर जगनारी." मग ती म्हणाली, "आन् मानूस तुमच्या जिवावर."

मित्रांनो, ही याच आठवड्यातली गोष्ट आहे. आता मला थोडेच सांगायचे आहे. तुमच्या वर्गात, तुमच्या घरात कोणी भित्रे असेल, तर त्याला हसू नका आणि मागून ढकलू नका. त्याला विचारा, कसे वाटते. आणि मग त्याच्याजवळ बसा. बसून कंटाळा आला तरी बसा. तुम्हाला ताप येतो आणि आई गोळी देते, तेव्हा ती गोळी तुमच्यापर्यंत सुखरूप येण्याआधी कोणीतरी लहानसा जीव वाटेत थांबलेला असतो. आम्ही आपणहून आलो नव्हतो, आम्हाला कोणी विचारले नव्हते. म्हणून तुमच्यापैकी कोणी मोठेपणी शास्त्रज्ञ झाले, तर गरज असेल तेवढ्यांनाच हात लावा, दुखवाल ते कमीत कमी, आणि जमलेच तर आमच्यावाचून शोधायची वाट काढा. तोवर उचलण्याआधी हात क्षणभर थांबवा.

फळीवर आता माझा एकच पिंजरा उरला आहे. दार उघडल्याचा आवाज आला. माया आली आहे. आज तिने हातमोजे घातलेले नाहीत.